साथ आली, साथ सुटली

लेकीच्या डोहाळेजेवणाची तारीख आम्ही २९ मार्च २०२० धरली होती. रविवार होता, सगळ्यांना सोयीचा. हिरवी साडी घेऊन झाली होती. खारीक, खोबरं, डिंक निपाणीच्या बाजारातून आणून ठेवला होता. आमच्या भागात कुणी ओटभरण म्हणतं, कानडी घर असलं तर कुबसा म्हणतात. नाव काही असो, सातव्या महिन्यात पोरीला माहेरची माणसं भेटायला हवीत, एवढाच त्याचा अर्थ.

२२ मार्चला जनता कर्फ्यू झाला आणि २५ मार्चपासून सगळा देश बंद झाला. लेक कोल्हापुरात, मी निपाणीत. मधे चाळीस किलोमीटरचा रस्ता आणि दूधगंगेजवळ कोगनोळीचा नाका. एरवी तिथं गाडी थांबते ती टोल भरण्यापुरती. अलीकडं कर्नाटक, पलीकडं महाराष्ट्र, हे आम्हाला पाटी वाचून कळतं, मनाला कधी कळलेलं नाही. भाकरीचं पीठ अलीकडचं नि सून पलीकडची, असा आमचा संसार. त्या महिन्यात मात्र राज्याची शीव म्हणजे काय असतं ते घरोघरी कळलं.

एप्रिलात एका रात्री साडेअकराला फोन वाजला.

‘झोपलीस व्हय ग आई?’

‘न्हाई ग. का, काय झालं? पोटात दुखतंय काय?’

‘काही नाही. असंच केला.’ थोडा वेळ नुसता श्वास ऐकू आला. मग म्हणाली, ‘आई, बाळंतपणाला तू येणार न्हवं?’

मी म्हटलं, ‘येणार की. न येता राहीन होय?’

मी गेले नाही. ते कसं घडलं नि त्यातून मला काय कळलं, हे सांगायला मला तीन साथींमधून जावं लागणार आहे. मैत्रिणींनो, जरा धीर धरून वाचा.

मी शाळेत इतिहास शिकवत होते. दरवर्षी प्लेगचा धडा यायचा. १८९६ साली मुंबईत मांडवी भागात प्लेग सापडला, डॉ. व्हिएगस यांनी तो ओळखला, १८९७ च्या फेब्रुवारीत सरकारनं साथीच्या रोगांचा कायदा केला, पुण्यात रँडसाहेबाच्या सोजिरांनी घरं तपासली, २२ जूनच्या रात्री चाफेकर बंधूंनी त्याच्यावर गोळी झाडली. मुलं हे पाठ करून घडाघडा सांगायची. १० मार्च १८९७ ला सावित्रीबाई फुले प्लेगच्या रोग्यांची सेवा करता करता गेल्या, हेही मी सांगायची. पण त्या साथीत घरात पोटुशी असलेली बाई कुठं होती, तिला कसं वाटत होतं, हे मी कधी विचारलं नाही. एकाही मुलानं, एकाही मुलीनं मला विचारलं नाही. २०२० साली लेकीचा फोन ठेवल्यावर तो प्रश्न पहिल्यांदा माझ्या मनात आला. ज्या कायद्याखाली १८९७ साली दारं ठोठावली गेली, तोच कायदा २०२० सालीही वापरात आला होता. म्हणजे धडा संपला नव्हता, मीच तो अर्ध्यात मिटून ठेवला होता.

आमच्या बेळगाव जिल्ह्यात प्लेग १८९७ नंतर आला आणि पुढं कितीतरी वर्षं पुन्हा पुन्हा येत राहिला. घरात उंदीर पडला की गाव सोडायचं, हे लोकांना सवयीचं झालं. गाव ओस, माळावर छपरांची रांग. सरकारी माणसं घरांची कौलं काढून ऊन आत सोडत, जमीन उकरत, भिंतींना चुना मारत. आजारी माणसाला इस्पितळात नि त्याच्या घरच्यांना छावणीत नेत. रेल्वेच्या स्टेशनांवर उतारूंना उभं करून काखा, जांघा तपासत. प्लेगची गाठ तिथंच येते, म्हणून तपासणी तिथंच. ज्या बाईनं नवऱ्यादेखत डोईवरचा पदर ढळू दिला नाही, तिला परक्या पुरुषापुढं असं उभं राहावं लागे. पुण्यातली लोकांची मोठी तक्रार हीच होती. पंडिता रमाबाईंनी १८९७ साली ‘बॉम्बे गार्डियन’ या इंग्रजी पत्रात पत्र लिहून, आपल्या आश्रयाला असलेल्या मुलीच्या बाबतीत प्लेगच्या इस्पितळात काय घडलं ते जगापुढं मांडलं. बायकांच्या बाजूनं लिहिलेलं असं पत्र त्या काळात विरळाच.

आता या सगळ्यात सातवा-आठवा महिना भरलेली बाई उभी करून बघा. तिला माहेरी जायचंय, पण वाटेत तपासणी आहे. ताप आला तर लपवावा लागतो, कारण सांगितला तर इस्पितळात नेतील. प्लेग झालेल्या बाईचा गर्भ बहुधा टिकत नसे, आणि हे गावातल्या सुइणींना डॉक्टरांइतकंच ठाऊक असणार. वर माळावर कुडाचं छप्पर, रात्रीचा वारा, शेकायला नीट शेगडी नाही.

माझे आजोबा अशाच छपरात जन्मले. घरात त्यांना लाडानं ‘माळावरचा’ म्हणत. ही गोष्ट आमच्याकडं हसत सांगितली जायची: गाव सोडून चार दिवस झाले होते, सुईण दुसऱ्या गावच्या माळावर गेलेली, शेजारच्या छपरातल्या म्हातारीनं नाळ कापली, आणि पोर असलं खणखणीत रडलं की तीन छपरं जागी झाली. माझ्या लहानपणी ही गोष्ट मी शंभर वेळा ऐकली असेल. पोर कसं रडलं ते सगळ्यांना ठाऊक. पणजी रडली का, हे कुणालाच ठाऊक नाही.

आणखी एक गोष्ट इथं सांगायला हवी. आपल्या समाजाची दक्षिण महाराष्ट्र जैन सभा स्थापन झाली ती १८९९ साली, निपाणीजवळ स्तवनिधीला. म्हणजे याच प्लेगच्या वर्षांत. तवंदीच्या घाटाखाली माणसं जमली, शिक्षणाचा, सुधारणेचा विचार केला. मला त्याचा अभिमान आहे. गावं ओस पडत असताना पुढच्या पन्नास वर्षांचा विचार करायला छाती लागते. पण अभिमान बाळगत असतानाच मनात येतं, त्या जमलेल्या माणसांच्या घरी किती बायका त्या वर्षी पोटुशा असतील! त्यांचं कुणी काही टिपून ठेवलं असतं, तर आज आम्हाला केवढा आधार झाला असता.

प्लेग ओसरत होता तेवढ्यात दुसरी साथ आली. १९१८ च्या जूनमध्ये मुंबईत इन्फ्लुएंझा शिरला. पहिली लाट तशी सौम्य गेली. सप्टेंबर-ऑक्टोबरची लाट भयंकर होती. त्या वर्षी पाऊस दगा देऊन गेलेला, धान्य महाग, आणि त्यात घरातलं प्रत्येक माणूस अंथरुणावर. लोकांनी तिला नाव दिलं मानमोडी. ताप असा की मान वर उचलत नाही. एकट्या मुंबई इलाख्यात दहा लाखांच्या वर माणसं गेली. देशभरात सव्वा कोटी ते दोन कोटी गेली, असा अंदाज आहे. १९११ ते १९२१ या दशकात देशाची लोकसंख्या वाढायच्या ऐवजी किंचित घटली. जनगणना सुरू झाल्यापासून असं दुसऱ्या कुठल्या दशकात झालेलं नाही.

या साथीत एक वेगळी गोष्ट दिसली. ती म्हाताऱ्यांपेक्षा वीस ते चाळीसच्या माणसांना जास्त नेत होती, आणि आपल्याकडं पुरुषांपेक्षा बायका जास्त गेल्या. त्या वेळच्या सरकारी अधिकाऱ्यांनी त्याचं कारणही दिलं: घरातल्या सगळ्या आजाऱ्यांची उठाठेव बायकाच करत होत्या, आणि स्वतः तापात असतानाही त्यांना उठावं लागत होतं. गरोदर बायकांचं तर फारच वाईट झालं. अमेरिकेत १९१९ साली हॅरिस नावाच्या डॉक्टरांनी फ्लू झालेल्या १३५० गरोदर बायकांची माहिती गोळा केली. त्यातल्या शंभरातल्या सत्तावीस मेल्या होत्या. ज्यांचा ताप फुप्फुसात उतरला, त्यांतल्या निम्म्याहून अधिक वाचल्या नाहीत. आपल्याकडं अशी मोजणी कुणी केली नाही. एवढंच दिसतं की १९१९ साली जन्मांची नोंद एकदम खाली आली.

त्या खाली आलेल्या आकड्यात माझ्या आज्जीचं एक भावंड आहे. आज्जी तेव्हा बारा वर्षांची होती. तिची आई सहा महिन्यांची पोटुशी. दसऱ्याच्या सुमाराला आधी दीर, मग सासू, मग ती स्वतः पडली. चौथ्या दिवशी गेली. आज्जी हे एका वाक्यात सांगायची, ‘आमची आव्वा मानमोडीत गेली, पोटातल्यासकट.’ सांगायची आणि तांदूळ निवडायला घ्यायची. मी एकदा विचारलं, ‘आज्जी, तुझी आव्वा शेवटी काय बोलली ग?’ आज्जी बराच वेळ सुपात बघत राहिली. मग म्हणाली, ‘मला म्हणाली, रडू नगंस. पोरीच्या जातीनं रडत बसू ने.’

हे वाक्य तुम्ही लक्षात ठेवा. मला ते फार उशिरा लक्षात आलं.

आता २०२० कडं येते. कुणी म्हणेल, शंभर वर्षांत किती बदललं! बदललं तर खरंच. गावोगावी आशाताई आहेत, तायी कार्ड आहे, बेळगावात मोठी इस्पितळं आहेत, रक्त मिळतं, सिझेरियन होतं. जवाहरलाल नेहरू वैद्यकीय महाविद्यालयाचे संशोधक आमच्या जिल्ह्यातल्या खेड्यापाड्यांतल्या गरोदर बायकांची नि बाळांची नोंद कितीतरी वर्षं ठेवत आले आहेत, आणि कोरोनाच्या काळात त्यांनी, इतर गरीब देशांतल्या संशोधकांबरोबर, गरोदर बायकांना या रोगाबद्दल काय वाटतं हेही विचारलं. ‘काय वाटतं’ हा प्रश्न विचारला गेला, हे मला फार मोठं वाटतं. प्लेगमध्ये नि मानमोडीत कुणी तो विचारला नव्हता.

पण भीती तीच होती. तिनं कपडे बदलले होते, एवढंच. तपासणीला जावं तर दवाखान्यातच रोग लागेल का? कळा सुरू झाल्या आणि गाडी मिळाली नाही तर? चाचणी पॉझिटिव्ह आली तर बाळ काढून घेतील का? आत मी एकटीच असेन का? नवऱ्याचा पगार चालू राहील का? आमच्या गल्लीच्या टोकाला एक विडी वळणारी पोरगी आहे. तिला तेव्हा पाचवा होता. पानं-तंबाखू येणं बंद, विड्या घेणारं कुणी नाही. मी दारातून लांबूनच तिला विचारलं, ‘भ्या वाटतं काय ग कोरोनाचं?’ ती म्हणाली, ‘काकू, कोरोनाचं न्हाई वाटत. आठवड्याचा हिशेब न्हाई झाला, त्याचं वाटतं.’ आदल्या ऑगस्टात महापुरानं आमचा सगळा भाग धुऊन नेला होता. यमगर्णीजवळ हायवेवर पाणी चढलं होतं. त्यातून उठायच्या आत हे आलं. गरिबाच्या बाईला एका वेळी एकच संकट येतं असं थोडंच आहे?

माझी लेक गरीब नव्हती. तिच्या घरी सगळं होतं. सासू मायाळू, जावई समंजस. तरी ती रात्री झोपत नव्हती. मे महिन्यात महाराष्ट्रातून येणाऱ्यांना कर्नाटकानं महिनाअखेरपर्यंत बंदी केली. जूनमध्ये येणाऱ्यांना सात दिवस सरकारी विलगीकरण, मग सात दिवस घरात. सेवासिंधूवर अर्ज, पास, तपासणी. सरकारनं हे रोग अडवायला केलं, मी त्याला नावं ठेवत नाही. आठवा महिना लागलेली लेक इकडं आणावी, तर तिचे सगळे कागद, तिची डॉक्टर तिकडं. मी तिकडं जावं, तर माझ्या सासूबाई अंथरुणाला खिळलेल्या, वय ८८. परत येताना मला पंधरा दिवस लागले तर त्यांचं मुखमार्जन कोण करणार? रोज रात्री मी मनात दोन पारडी धरत होते. एका पारड्यात सासूबाई, एका पारड्यात लेक. सासूबाईंचं पारडं जड झालं. ज्या बाईनं माझी दोन बाळंतपणं केली, तिला टाकून मला जाता आलं नाही.

मग मी माझ्या परीनं काय केलं? डिंकाचे, अळिवाचे लाडू केले नि भाजीच्या टेम्पोवाल्याच्या हाती डबा धाडला. भाजीपाल्याच्या गाडीला वाट होती. माणसाला नव्हती, लाडवांना होती. रोज दोनदा फोन केला. आणि फोनवर ती रडायला लागली की म्हटलं, ‘रडू नको ग बाई. आईनं रडलं की पोटातल्याला कळतं. त्याच्यावर परिणाम होतो. चांगला विचार कर, स्तोत्र म्हण, हसत रहा.’

मला वाटलं, मी धीर देतेय. आपण सगळ्याच असा धीर देतो. हळूहळू तिचं रडणं बंद झालं. मी विहीणबाईंना म्हटलं, आता सावरली बघा.

जूनच्या शेवटी मुलगी झाली. दोघी सुखरूप. आम्ही मोबाइलवर तोंड पाहिलं. सोयर आम्ही इकडं पाळलं, ज्या बाळाला हात लावला नाही त्याचं. तीन आठवड्यांनी विहीणबाईंचा फोन आला. हलक्या आवाजात म्हणाल्या, ‘ताई, रागावू नका. पोरीचं काहीतरी बिनसलंय. बाळाला घेते, पाजते, सगळं वेळेवर करते. पण त्याच्याकडं बघत नाही. रात्रभर छताकडं बघत बसते.’

मी म्हटलं, ‘बाळंतपणात होतं असं. ओली बाळंतीण, अंगात वारं शिरलं असेल.’ विहीणबाई ऐकणाऱ्या नव्हत्या, हे माझं नशीब. त्या तिला डॉक्टरांकडं घेऊन गेल्या. डॉक्टरांनी तिला एक कागद दिला, त्यावर दहा प्रश्न होते. हा कागद १९८७ साली एडिंबरोमध्ये तयार झाला, आता जगभर वापरतात. गेल्या सात दिवसांत हसू आलं का, उगाच भीती वाटली का, झोप लागली का, असे साधे प्रश्न. दहावा प्रश्न असा, की स्वतःला इजा करावी असं मनात आलं का. माझ्या लेकीनं त्या प्रश्नापुढं ‘कधीकधी’ असं लिहिलं होतं.

हे मला पाच महिन्यांनी कळलं. तोवर तिच्यावर उपचार झाले होते. आठवड्याला एकदा फोनवर बोलणं, काही महिने गोळ्या. अंगावर पाजताना घेता येतील अशाच डॉक्टरांनी दिल्या. ती बरी झाली. डिसेंबरात वाट मोकळी झाल्यावर मी कोल्हापूरला गेले, नातीला पहिल्यांदा मांडीवर घेतलं आणि लेकीची माफी मागितली, की तुझ्या वेळेला मी आले नाही. ती म्हणाली, ‘आई, तू आली नाहीस त्याचा मला राग नव्हता. आज्जीला टाकून तू कशी येणार होतीस? पण मी रडले की तू गप्प करायचीस. मग मी कुणाला सांगू? मला वाटायचं, मी रडले तर बाळाचं वाईट होणार. म्हणून मी रडणंच बंद केलं.’

तेव्हा मला सुपात बघत बसलेली आज्जी आठवली. रडू नगंस. तिच्या आईनं तिला सांगितलं, तिनं माझ्या आईला, आईनं मला, आणि मी ते वाक्य नाक्यापलीकडं पाठवून दिलं. पास न काढता ते पोचलं.

डॉक्टर मला पुढं म्हणाल्या, की गरोदरपणातली फार दिवसांची भीती नि उदासी अंगावर काढू नये हे खरं. ती आईला त्रास देते, बाळालाही. पण त्यावर उपाय ती बोलून दाखवणं हा आहे, दाबणं हा नाही. गप्प बसलेल्या बाईची भीती कमी होत नाही. ती फक्त आपल्याला दिसेनाशी होते.

हा आजार साथीनं आणलेला नव्हता. साथीनं तो वाढवला. आपल्या शेजारच्या गोव्यात डॉ. विक्रम पटेल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी म्हापशाच्या इस्पितळात २७० बायकांचा अभ्यास केला होता, तो २००२ साली प्रसिद्ध झाला. बाळंतपणानंतर सहा-आठ आठवड्यांनी त्यांतल्या शेकडा २३ बायका उदासीच्या आजारात होत्या. पैशाची ओढ, नवऱ्याशी न पटणं, आणि मुलगी होणं, यांनी तो बळावत होता. २०१७ साली देशभरातले असे ३८ अभ्यास एकत्र मांडले, तर सरासरी शंभरात बावीस निघाली. म्हणजे आपल्या मंदिरात डोहाळेजेवणाला आलेल्या पाच बाळंतिणी आठवा, त्यांतली एक. तेव्हा कुठला विषाणू नव्हता. मग साथीच्या वर्षात काय झालं असेल! जागतिक आरोग्य संघटनेनं सांगितलं, की कोरोनाच्या पहिल्याच वर्षात जगभर चिंता नि नैराश्य पाव हिश्शानं वाढलं, आणि त्याची झळ तरुणांना नि बायकांना जास्त लागली.

दुसरी लाट तर पोटुशांवर फार क्रूर होती. आपल्या देशाच्या वैद्यकीय संशोधन परिषदेनं दीड हजारांवर गरोदर आणि बाळंत बायकांची माहिती तपासली. पहिल्या लाटेत लागण झालेल्यांपैकी मृत्यूचं प्रमाण शेकडा ०.७ होतं, दुसऱ्या लाटेत ५.७ झालं. आणि गरोदर बायकांना लस द्यायला परवानगी आली २ जुलै २०२१ ला, ती लाट ओसरल्यावर. सगळ्यांना जे मिळत होतं, ते त्यांना महिनोन्महिने मिळत नव्हतं. अशा वेळी मन थाऱ्यावर कसं राहावं?

माहेराची मी आता आंधळी स्तुती करत नाही. माहेरी अंधारी खोली असायची, बाळंतिणीला तहान लागली तरी पाणी मोजून द्यायच्या, मुलगी झाली की चेहरे पडायचे. पण माहेरी एक गोष्ट नक्की होती. पहिले काही आठवडे रात्री बाळ घ्यायला दुसरा हात होता, आणि पाठीला तेल लावता लावता कुणीतरी विचारत होतं, ‘काय ग, आज डोळे का सुजलेत?’ तो प्रश्न म्हणजेच अर्धं औषध. प्लेगच्या माळावर तो प्रश्न शेजारच्या छपरातल्या म्हातारीनं विचारला असेल. कोल्हापुरात तो माझ्या विहीणबाईंनी विचारला. त्याला रक्ताचं नातं लागतंच असं नाही. गोव्यात पुढं यावरच प्रयोग झाला. गावातल्याच साध्या बायकांना शिकवून तयार केलं, उदास झालेल्या गरोदर बायकांकडं त्या जात, बाळ झाल्यावरही जात. त्यांना नाव दिलं सखी. २८० बायकांवर हे करून बघितलं. ज्यांच्याकडं सखी जात होती, त्यांतल्या जास्त जणी बऱ्या झाल्या. फरक फार मोठा नव्हता, पण होता. आणि त्याला कुठली मोठी पदवी लागली नाही.

आपल्याकडं महिला मंडळं आहेत, गल्लोगल्ली पाठशाळा आहेत, चातुर्मासात रोज बायका जमतात. डोहाळेजेवणाला आपण पंचवीस प्रकारचं ताट करतो, फुलांचा झोपाळा करतो, फोटो काढतो. त्याच दिवशी दोन बायकांनी ठरवायचं, या पोरीकडं बाळंतपणानंतर तिसऱ्या नि सहाव्या आठवड्यात मी जाईन. बाळ बघायला नाही, तिला बघायला. तिच्याजवळ बसायचं, बाळ हातात घ्यायचं आणि विचारायचं, झोप लागते का ग? ती रडली तर रडू द्यायचं. दोन आठवडे उलटले तरी तिचं चित्त थाऱ्यावर नसेल, बाळाकडं बघत नसेल, जगणं नको म्हणत असेल, तर थांबायचं नाही, डॉक्टरांकडं न्यायचं. १४४१६ हा टेलिमानसचा सरकारी नंबर आहे, फुकट आहे, मराठीत नि कानडीतही बोलतात. तो शीव विचारत नाही.

आणि एक मागणं. तुमच्या घरात कुणी पणजी, आज्जी, काकू प्लेगची, मानमोडीची, कोरोनाची गोष्ट सांगत असेल, तर कोण मेलं, कोण वाचलं एवढ्यावर थांबू नका. ‘तुला तेव्हा कसं वाटलं ग?’ असं विचारा आणि ती बोलेल तसं लिहून ठेवा. मी एक वही केली आहे. त्यात पहिलं पान आज्जीच्या एका वाक्याचं आहे, दुसरं विडीवाल्या पोरीचं, तिसरं माझ्या लेकीचं. ते तिनंच लिहून दिलं, स्वतःच्या अक्षरात.

परवा तिचा फोन आला होता. ऑफिसातलं काहीतरी, घरातलं काहीतरी. बोलता बोलता रडू आलं तिला. जुनं वाक्य माझ्या ओठांवर आलं होतं. मी ते गिळलं नि फोन कानाला धरून बसून राहिले. बऱ्याच वेळानं तीच म्हणाली, ‘आहेस न्हवं आई?’

‘आहे की,’ मी म्हटलं.